स्पनलेस कापडावर परत परत येणारी रेघ: लेझरने कोरलेल्या स्लीव्हचा दोष कसा पकडायचा

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "स्लीव्ह नवीन आहे, नक्षी छान उठतेय, पण दर दीड-पावणेदोन मीटरला कापडावर एक आडवी रेघ येते." फोनवरचा माणूस वैतागलेला असतो, कारण ओल्या वाइप्ससाठी कापड घेणाऱ्याने रोल परत पाठवलेले असतात. मग स्लीव्ह बदलून होते आणि रेघ पुन्हा येते. स्लीव्ह म्हणजे कापड बनवणाऱ्या मशीनच्या ड्रमवर चढवायची, नक्षी आणि छिद्रं कोरलेली नळी. मी लेझरने अशा स्लीव्ह कोरणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो. रेघेचा दोष, कधी आडवा तर कधी उभा, आमच्याकडून एकाच ऑर्डरमध्ये तीन वेळा गेला. प्रत्येक स्लीव्हमागे बावीस तासांचं कोरीव काम आणि एक महागडी नळी वाया गेली. ज्यांच्याकडे हे आत्ता चालू असेल त्यांचा वेळ वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. स्पनलेसमध्ये विणकाम नसतं. पिंजलेल्या तंतूंचा पातळ थर फिरत्या ड्रमवर येतो आणि वरून केसासारख्या बारीक, जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या धारा प्रचंड दाबाने त्यावर मारल्या जातात. तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड तयार होतं. ड्रमवर नक्षीची स्लीव्ह असेल तर उंचवट्यांवरचे तंतू बाजूला सरकतात, खोलगट जागी गोळा होतात, आणि पाणी छिद्रांतून आत, व्हॅक्यूमकडे निघून जातं. म्हणजे स्लीव्हवर जे आहे ते कापडावर उमटणारच, मग ती नक्षी असो वा आमची चूक.

आमची स्लीव्ह अॅसिटल प्लास्टिकची होती. डेल्रिन या नावाने बाजारात अनेकांना माहीत असलेला प्रकार. बाहेरचा व्यास ५०० मिलिमीटर, लांबी दोन मीटर, जाडी ६ मिलिमीटर. नक्षी शंकरपाळ्यांची, भिंतीतल्या विटांसारखी एकाआड एक सरकवलेली, दोन ओळींमधलं अंतर ६ मिलिमीटर. कोरणारा लेझर कार्बन डायऑक्साइडचा. (या लेझरचा शोध लावणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी तो बनवला. रोज त्यांच्याच यंत्रापुढे उभा राहणारा मी हे सांगायची संधी सोडत नाही.)

पहिलं काम: कापड मोजा, पण फूटपट्टीने नाही

रेघ दिसली की बहुतेक जण टेप काढतात आणि दोन रेघांमधलं अंतर मोजतात. ५०० मिलिमीटर व्यासाच्या स्लीव्हचा घेर १५७०.८ मिलिमीटर, म्हणून तेवढं अंतर आलं तर दोष स्लीव्हचा, असा हिशेब. तत्त्व बरोबर आहे, पण रोलवरचं कापड ड्रमवर होतं तेवढंच राहत नाही. ड्रायर आणि वाइंडरच्या (कापड गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ओढीत ते लांबतं. आमच्या गिऱ्हाइकाने मोजलं तेव्हा जवळपास १६०० आलं. त्यांच्या फोरमननी लगेच निष्कर्ष काढला की हे दुसऱ्याच कुठल्यातरी रोलरचं आहे, आणि दोन दिवस रोलर पुसण्यात गेले.

नक्षीच्या ओळी मोजा. कापड कितीही ताणलं तरी दोन रेघांमधल्या ओळींची संख्या बदलत नाही. रेघेपासून रेघेपर्यंत ओळी मोजल्या आणि पाच ठिकाणी पाचही वेळा तोच आकडा आला, आणि तो स्लीव्हवरच्या ओळींएवढाच असला, तर दोष स्लीव्हवर आहे, वाद संपला. आकडा दर वेळी बदलत असेल तर स्लीव्ह निर्दोष आहे आणि शोध पुढच्या-मागच्या रोलरांकडे, पट्ट्यांकडे न्यायचा. कंटाळवाणं काम आहे. टेबलावर कापड पसरा, दर पन्नास ओळींना टाचणी लावा, जोडीला कुणीतरी घ्या. अर्ध्या तासात होतं.

आमच्या कापडावर दर वेळी २६२ ओळी निघाल्या. स्लीव्हवरही २६२ होत्या.

दुसरी गोष्ट नजरेने बघायची. रेघ धारदार आहे की सौम्य? चाकूने ओढल्यासारखी एका जागी असेल तर ती जोडाची, म्हणजे कोरीव काम जिथे सुरू होऊन घेर पुरा करून परत येतं त्या जागेची. नक्षी हळूहळू फिकी होत जाऊन परत गडद होत असेल, म्हणजे अर्धा घेर चांगला आणि अर्धा पुसट, तर जोडाला दोष देऊ नका. तिथे नळी केंद्रात फिरत नाहीये किंवा लंबगोल झालीये. त्यावर पुढे येतो.

धारदार आडवी रेघ: भागाकाराची बाकी

आमच्या पहिल्या स्लीव्हवर रेघ धारदार होती. भिंगाखाली पाहिलं तर २६२व्या ओळीनंतर पहिली ओळ येताना ६ ऐवजी जवळपास ७ मिलिमीटरचं अंतर. पाऊण-एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण उंचवट्यांमधली वाट तेवढी रुंद झाली की तिथे तंतूंची जुडी जाड होते, आणि ती जाड जुडी दोन मीटर रुंदीभर सरळ रेषेत पसरली की आंधळ्यालाही बोटाला लागते.

हे कुठून आलं ते समजायला एन्कोडर समजून घ्यावा लागतो. नळी फिरते, स्पिंडलवरचा एन्कोडर एका फेऱ्यात ठरावीक ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्याला कंट्रोलर नकाशातला पुढचा ठिपका वाचून लेझर चालू ठेवायचा की बंद ते ठरवतो. आमच्या एन्कोडरचे एका फेऱ्यात ३२,७६८ ठोके. घेराला भागलं तर एक ठोका ०.०४७९ मिलिमीटरचा.

गिऱ्हाइकाने ओळींचं अंतर ६ मिलिमीटर मागितलं. १५७०.८ भागिले ६ म्हणजे २६१.८. अपूर्णांक ओळ कोरता येत नाही म्हणून डिझाइनवाल्याने २६२ धरल्या. इथवर ठीक. मग एक ओळ किती ठिपक्यांची? ३२,७६८ भागिले २६२ म्हणजे १२५.०७. त्याने १२५ धरले. आता गुणाकार उलटा करा: २६२ गुणिले १२५ म्हणजे ३२,७५०. अठरा ठिपके उरले. ते अठरा ठिपके शेवटी कोरे राहिले, आणि अठरा गुणिले ०.०४७९ म्हणजे ०.८६ मिलिमीटर. भिंगाखाली दिसलेलं जादा अंतर नेमकं तेवढंच होतं.

मी या धंद्यात येण्याआधी रोटरी छपाईच्या स्क्रीनवर काम केलंय. तिथे घेर बहुतेक ६४ सेंटिमीटरचा ठरलेला, आणि साडीचं डिझाइन काढणारा मुलगासुद्धा रिपीट, म्हणजे नक्षी परत सुरू होण्याचं अंतर, ६४ ला पूर्ण भाग जाईल असाच धरतो. ती शिस्त त्याच्या हाडात असते. नॉनवोव्हनमध्ये, म्हणजे स्पनलेससारख्या न विणलेल्या कापडात, प्रत्येक गिऱ्हाइकाचा ड्रम वेगळा आणि घेर कधीच गोल आकड्यात नाही, म्हणून ही शिस्त सुटते. माझ्या मते या दोषाचं मूळ लेझरमध्ये क्वचित असतं. ते बहुधा या भागाकारात असतं.

उपाय दोन आहेत. गिऱ्हाइक थोडं लवचिक असेल तर ओळी अशा घ्या की ठोक्यांना पूर्ण भाग जाईल. २५६ ओळी घेतल्या तर एक ओळ बरोबर १२८ ठिपक्यांची होते, बाकी शून्य. अंतर ६ ऐवजी ६.१४ मिलिमीटर होतं. वाइप्स वापरणाऱ्या कुणालाही हा फरक कळत नाही, आणि हे समजावून सांगितलं की गिऱ्हाइकही मान्य करतं. गिऱ्हाइक ६ वर अडून बसलं असेल तर २६२ च ठेवा, पण उरलेले अठरा ठिपके एका जागी टाकू नका, वाटून द्या. २४४ ओळी १२५ च्या आणि १८ ओळी १२६ च्या, त्या अठरा घेरभर सारख्या अंतरावर, साधारण दर चौदा-पंधरा ओळींना एक. एका ओळीत अर्ध्या दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी वाढ होते आणि ती डोळ्याला दिसत नाही.

विटांसारख्या रचनेत आणखी एक अट आहे आणि ती हमखास विसरली जाते: ओळींची संख्या सम हवी. २६१ घेतल्या असत्या तर जोडापाशी एकाच बाजूला सरकलेल्या दोन ओळी शेजारी आल्या असत्या. मग अंतर कितीही अचूक असलं तरी रेघ दिसलीच असती.

दुसरी चूक, जी आम्ही स्वतः केली

हा हिशेब मी वर क्रमाने मांडलाय, पण आम्हाला तो क्रमाने सुचला नाही. पहिली स्लीव्ह परत आली तेव्हा रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाटलं की जोडापाशी छिद्रं पूर्ण उघडली नाहीत. त्याने पॉवर वाढवली आणि तीच फाइल पुन्हा कोरली. रेघ तशीच राहिली, वर दुसरा त्रास सुरू झाला: कापड स्लीव्हवरून सुटताना तंतू अडकायला लागले, पृष्ठभाग केसाळ झाला.

अॅसिटल लेझरखाली फार छान वागतं. त्याच्या लांब साखळ्या उष्णतेने सुटत जातात आणि ते थेट वायू होऊन निघून जातं, मागे काळं काही राहत नाही. म्हणून कडा स्वच्छ येतात, आणि म्हणूनच हे प्लास्टिक या कामासाठी निवडतात. पण गरजेपेक्षा जास्त उष्णता दिली आणि हवेचा झोत कमी पडला तर कडेला वितळलेला थर उरतो आणि थंड होताना छिद्राच्या ओठावर बारीक काठ उभा राहतो. डोळ्याला दिसत नाही. जुना नायलॉनचा स्टॉकिंग हातावर घेऊन स्लीव्हवरून हलका फिरवा. जिथे अडकेल तिथे काठ आहे. आता आमच्याकडे प्रत्येक स्लीव्ह पाठवण्याआधी हे करतात, दोन्ही दिशांनी, कारण काठ बहुधा एकाच बाजूला झुकलेला असतो.

रेघ दिसली म्हणून पॉवर वाढवू नका. छिद्र खरंच अपुरं असेल तर ते आतल्या बाजूने पिन गेजने (ठरावीक जाडीची सळई छिद्रात घालून) मोजून सिद्ध करा. लेझरचं छिद्र आत निमुळतं होतं, त्यामुळे बाहेरचं तोंड बघून काही कळत नाही. आतलं तोंड लहान राहिलं तर पाणी निचरत नाही, स्लीव्हवर तुंबतं आणि तंतू वाहून जाऊन नक्षी चिखलासारखी होते. हा दोष पूर्ण रुंदीवर पसरलेला दिसतो, एका रेघेत नाही.

पॉवरचा विषय निघालाच आहे तर हे ठळक सांगतो. अॅसिटलचा जो वायू होतो तो फॉर्मल्डिहाइड असतो. डोळे चुरचुरतात ते त्यामुळे, आणि तो कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. धूर ओढणारा पंखा बंद असेल तर लेझर सुरूच होऊ नये, अशी इंटरलॉक हवी. ती कुणी वायर जोडून चुकवली असेल तर आजच काढा. शिवाय अॅसिटल पेटलं तर ज्योत फिकट निळी असते, उजेडात जवळपास दिसत नाही. बावीस तासांच्या कामात माणूस शेजारी हवाच.

आडवी गेली, उभी आली

फाइल दुरुस्त करून तिसरी स्लीव्ह कोरली. आडवी रेघ गेली. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन: आता कापडाच्या लांबीच्या दिशेने एक सलग रेघ आहे, एका कडेपासून साधारण ९०० मिलिमीटरवर.

लांबीच्या दिशेची रेघ आली की पहिला संशय पाण्याच्या धारांवर घ्यायचा. जेट स्ट्रिपचं (धारा जिच्या छिद्रांतून निघतात त्या पट्टीचं) एखादं छिद्र कचऱ्याने बुजलं की त्याखाली तंतू नीट गुंतत नाहीत आणि अशीच रेघ येते. शहानिशा सोपी आहे: स्ट्रिप आडवी दहा मिलिमीटर सरकवून बसवा. रेघही तेवढीच सरकली तर दोष धारेचा आहे. स्ट्रिप साफ करा आणि पाण्याचे फिल्टर तपासा. रेघ जागीच राहिली तर स्लीव्ह बघा. आमची जागीच राहिली.

वर्कशॉपची वही काढली. ९०० मिलिमीटरवर संध्याकाळी काम थांबवलं होतं, लाइट गेली म्हणून, आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू केलं होतं. कॅरेज (लेझरचं डोकं नळीच्या लांबीवर नेणारी गाडी) त्याच आकड्यावर उभी होती, एन्कोडरही बरोबर होता. हललेली वस्तू एकच होती: नळी.

अॅसिटल तापमानाने फार वाढतं-आकसतं. दर अंशाला एका मीटरमागे साधारण ०.११ मिलिमीटर, म्हणजे पोलादाच्या नऊपट. दुपारी शेड तापलेली आणि पहाटे थंड, आठ अंशांचा फरक धरला तर ९०० मिलिमीटरची नळी ०.७९ मिलिमीटर आकसते. मशीनचा पोलादी स्क्रूही थोडा आकसतो, तो वजा केला तरी ०.७ उरतो. नळी एका टोकाला चकमध्ये (मशीनच्या फिरत्या पकडीत) पकडलेली होती, म्हणून सगळी आकस तिकडे सरकली. लेझर आपल्या आकड्यावर सुरू झाला, पण नक्षीची कड तिथून ०.७ मिलिमीटर मागे गेली होती. तेवढी फट घेरभर गोल राहिली आणि कापडावर सलग रेघ बनली.

न थांबवता बावीस तास काम चाललं असतं तरी तापमान बदललंच असतं. पण तेव्हा तो ०.७ मिलिमीटर शेकडो ओळींत विखुरला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. थांबण्यामुळे तो एका जागी साठला. (घेराच्या दिशेने हा त्रास होत नाही. तिथे मोजमाप कोनाचं असतं, नळी फुगली तरी फेरा ३२,७६८ ठोक्यांचाच राहतो.)

बावीस तास का लागतात असं विचारतात. लेझर एका फेऱ्याला ०.०५ मिलिमीटर पुढे सरकतो. दोन मीटरला ४०,००० फेरे. मिनिटाला ३० फेऱ्यांनी बावीस तासांच्या वर जातात. फेरे वाढवायचा मोह होतो, पण मग प्रत्येक ठिपक्याला मिळणारी ऊर्जा कमी होते आणि छिद्र आरपार जात नाही. आणि काम चालू असताना मध्येच वेग बदलणं तर पूर्ण टाळा; तिथूनही उभी रेघ येते, कारण खोली बदलते.

आम्ही केलेले बदल असे. नळी आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवतो, ट्रकमधून उतरवून थेट चढवत नाही. त्या खोलीला आता वातानुकूलन आहे आणि मशीनला जनरेटरची लाइन. तरीही थांबावं लागलंच तर पुन्हा सुरू करताना कॅरेजच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. शेवटच्या पूर्ण कोरलेल्या ओळीची कड मशीनवरच्या कॅमेऱ्याच्या काट्यावर घेतो आणि जो फरक निघेल तो आकड्यात मिळवून मग लेझर चालू करतो. चौथी स्लीव्ह मध्येच एकदा थांबली होती. कापडावर ती जागा आम्हालाही सापडली नाही.

सौम्य पट्टा

हा आमच्याकडे या ऑर्डरमध्ये नव्हता, पण इतर कामांत येतो. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून नळी हाताने एक फेरा फिरवा. किती डोलते ते चालतं की नाही, हे लेन्सवर ठरतं. १२७ मिलिमीटर फोकसच्या लेन्सला वर-खाली जवळपास मिलिमीटरभर सूट असते, तिथे ०.३ चा डोल पचतो. बारीक नक्षीसाठी ६३.५ ची लेन्स लावली की सूट पाव मिलिमीटरवर येते आणि तोच ०.३ चा डोल अर्धा घेर पुसट करून टाकतो. नळ्या आडव्या, एकावर एक रचून ठेवल्या की वजनाने लंबगोल होतात. त्या उभ्या ठेवा. लेन्सवर कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल बसलं तर ती तापते आणि फोकस सरकत जातो, पण त्याची खूण वेगळी आहे: छिद्रं घेरावर नाही, लांबीवर हळूहळू बारीक होत जातात.

पाठवण्याआधीचा कागद

सगळ्यात स्वस्त तपासणी आमच्या जुन्या सेटरकाकांनी सुचवली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं जोडावर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाची लांब पट्टी ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासायची. नक्षी उमटते आणि ०.२ मिलिमीटरची फटसुद्धा पांढऱ्या रेषेसारखी उठून दिसते. पूर्ण दोन मीटर घासायचं, मधल्या तुकड्यावर समाधान मानायचं नाही. काम कुठे थांबलं असेल तर तिथेही घेराभोवती एक पट्टी. त्या कागदावर स्लीव्हचा नंबर, ओळींची संख्या, एका ओळीचे ठिपके आणि सुरू-बंद केल्याच्या वेळा लिहून तो स्लीव्हच्या खोक्यात घालतो, एक प्रत आमच्याकडे. गिऱ्हाइकाकडून रेघेचा फोन आला की आता आधी तो कागद काढतो आणि त्यांना एकच विचारतो: दोन रेघांमध्ये ओळी किती मोजल्या?